शाक्केत्रावाले काका

त्यांच्या घरात खोली मिळवण्यासाठी मला तीन वाट्यांचा वास घ्यावा लागला होता.

मी नोकरीसाठी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला नुकतीच आले होते. ऑफिसातल्या मैत्रिणीने पत्ता दिला आणि म्हणाली, "काका जरा वेगळे आहेत, पण काकूंच्या हातचं जेवण मिळेल." मी जाऊन बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, बूट बाहेर ठेवायला सांगितलं आणि गाव, नोकरी, लग्न यातलं काहीही न विचारता मला डायनिंग टेबलाशी बसवलं. समोर स्टीलच्या तीन वाट्या होत्या, वर बश्या झाकलेल्या.

"एकेक बशी उचल आणि वास कसला ते सांग. फार विचार करू नकोस."

पहिल्या वाटीतल्याला मी ओला खडू म्हटलं. दुसरीत खोबरं होतं, पण डब्यात विसरून राहिलेलं, खवट. तिसरी वाटी मी दोनदा हुंगली.

"याला काही वास नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"पाणी आहे ते," काका म्हणाले. "तुझ्याआधी चार जण येऊन गेले. एकाला गुलाब आला, एकाला केवडा. तुझी खोली वर, डाव्या हाताला."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला प्यायचं पाणी पण द्या."

त्या घरात मी तीन वर्षं राहिले.

काका मूळचे तासगावचे. घरच्या द्राक्षबागा, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे घरची बेदाणा शेड. जाळीच्या रॅकवर द्राक्षं पसरायची, वाऱ्यावर सुकवायची, मग गंधकाची धुरी द्यायची. काकांचं लहानपण त्या शेडमध्ये गेलं. द्राक्ष कुठल्या दिवशी द्राक्ष राहत नाही आणि बेदाणा होतो, ते त्यांचे वडील डोळे मिटून, नुसत्या वासावर सांगायचे म्हणे. पुढे काका पुण्यात शिकले, अमेरिकेत आले आणि तीस वर्षं कंपन्यांचे डेटाबेस सांभाळून रिटायर झाले. दिसायला चारचौघांसारखे. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात घडी घातलेला रुमाल. ज्या नाकाबद्दल एवढं ऐकायला मिळायचं, ते नाक तर अगदीच लहान आणि साधं होतं.

त्यांच्या आयुष्यात इटली आली ती नोकरीमुळे. कुठल्याशा बँकेच्या कामासाठी कंपनीने त्यांना चार महिने जेनोआला पाठवलं. तिथे नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते समुद्राकाठच्या गाडीत बसले आणि चुकीच्या स्टेशनवर उतरले. गाव म्हणजे समुद्रातून सरळ वर गेलेला डोंगर, डोंगराला दगड रचून केलेल्या शेकडो पायऱ्या आणि पायऱ्यांवर द्राक्षवेली. एका घराच्या पडवीत एक म्हातारी बाई जाळीवर सुकवलेली द्राक्षं घेऊन बसली होती. एकेक मणी देठापासून हाताने सोडवत होती. काका थबकले. मग काही न बोलता शेजारच्या पाटावर बसले आणि देठं सोडवायला लागले.

"तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण तिने माझे हात बघितले. पहिल्याच घोसाला तिला कळलं की हा घरचा माणूस आहे. तीन तास बसलो आम्ही. उठताना तिने अंगठ्याएवढ्या ग्लासात मला ते दिलं."

ते म्हणजे शाक्केत्रा. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर लिगुरिया नावाची चिंचोळी पट्टी आहे. तिथल्या पाच गावांत सुकवलेल्या द्राक्षांपासून ही गोड, सोनेरी वाईन करतात. ही गोष्ट मी निदान वीसदा ऐकली. दर वेळी त्या बाईचं वय वाढायचं. मी राहायला आले तेव्हा ती सत्तरीची होती, मी घर सोडलं तेव्हा नव्वदीला पोचली होती.

त्या दिवसापासून काकांनी दुसऱ्या कुठल्या वाईनकडे बघितलं नाही. फ्रान्सचं कुणी नाव काढलं तर ते शांतपणे म्हणायचे, "असेल. चांगली माणसं आहेत." लिगुरियाची द्राक्षं मात्र त्यांच्या घरातली होती. बोस्को म्हणजे थोरला भाऊ: दिसायला राकट, बोलायला कमी, पण त्याच्यावाचून घर चालायचं नाही. अल्बारोला त्याची शांत बहीण, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. रोसेसे हा एकटाच तांबडा, पश्चिमेकडच्या डोंगरात राहणारा, गुलाबाचं फूल कानाला लावून फिरणारा मामा. आणि व्हर्मेंटिनो व पिगातो हे जुळे. "शास्त्रज्ञ म्हणतात दोघे एकच आहेत. पिगातोच्या सालीवर पिकल्यावर ठिपके येतात, एवढाच फरक. पण जुळ्यांच्या आईला विचार. ती अंधारात हाक मारते आणि चुकत नाही."

त्यांचं एक वाक्य होतं: "आधी नाक, मग तोंड, मत शेवटी." हे ते वाईनबद्दल म्हणायचेच, पण मी ते कोथिंबिरीबद्दल ऐकलंय, नव्या शेजाऱ्यांबद्दल ऐकलंय आणि एकदा माझ्याशी लग्न करू इच्छिणाऱ्या एका मुलाबद्दलही ऐकलंय. तो मुलगा जेवायला येऊन गेल्यावर काका एवढंच म्हणाले, "डिओडरंट फार मारतो. काहीतरी झाकायचं असणार." पुढे तसंच निघालं, पण ती वेगळी गोष्ट.

दर शनिवारी चार वाजता त्यांच्याकडे दोन-तीन जोडपी यायची आणि एक बाटली उघडली जायची. त्यासाठी शनिवारी सकाळपासून घरात उदबत्ती नाही, परफ्यूम नाही आणि फोडणी तर अजिबात नाही. यावरून दर शनिवारी भांडण व्हायचं.

"माझ्या घरात फोडणी कधी द्यायची ते इटलीची द्राक्षं ठरवणार का?" काकू विचारायच्या.

"फक्त चारपर्यंत."

"आणि साडेचारला पाहुण्यांपुढे काय ठेवू? उकडलेले बटाटे?"

शेवटी बऱ्याचदा उकडलेले बटाटेच असायचे. स्वतः काका दोन घोटांच्या वर कधी प्यायले नाहीत. पाहुण्यांनी ग्लास पुढे केला की म्हणायचे, "तहान लागली असेल तर पाणी आहे." वास घेऊन झाला की ते लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात मराठीत टिपण करायचे. अशी सहा रजिस्टरं होती. त्यात मी वाचलेल्या काही नोंदी अशा: 'कैरीचं साल, त्यावर मीठ, पण तिखट नाही.' 'समुद्रावरून आणून गाडीत विसरलेला टॉवेल.' 'नवं पुस्तक, गणिताचं.'

मी पीत नव्हते, अजूनही पीत नाही. आमचं घर नागपूरचं, बौद्ध. पंचशील लहानपणापासून तोंडपाठ होतं आणि अमेरिकेला निघताना पाचवं शील, मद्य न घेण्याचं, पाळेन असा शब्द मी बाबांना आपणहून दिला होता. पहिल्या शनिवारी मी हे जरा चाचरतच सांगितलं. मला वाटलं, आता समजूत घालतील, थोडीशीच घे म्हणतील. काकांनी माझ्यापुढे ग्लास ठेवला आणि म्हणाले, "मग वास घे आणि परत दे. पिणारे मला पुष्कळ भेटतात."

मागच्या अंगणातल्या भिंतीची गोष्ट सांगायला हवी. घरामागे थोडा उतार होता. काकांनी दोन उन्हाळे खपून तिथे दगडी भिंतींच्या तीन पायऱ्या रचल्या, सिमेंटचा कण न वापरता, नुसता दगडावर दगड, लिगुरियात रचतात तशा. त्यावर व्हर्मेंटिनोच्या चार वेली लावल्या. कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं: विनापरवानगी बांधकाम, तीस दिवसांत काढून टाका. काकांनी चार पानी उत्तर पाठवलं. त्यात त्या पाच गावांच्या भिंतींचा इतिहास होता, पाण्याच्या निचऱ्याची आकृती होती आणि शेवटी असोसिएशनला भिंत बघायला येण्याचं आमंत्रण होतं. असोसिएशनच्या बाई खरंच आल्या, हातात क्लिपबोर्ड घेऊन. काकांनी त्यांना एक दगड काढून परत बसवायला लावला. दगड काही बसेना. बाई दीड तास गुडघ्यांवर बसून तो एक दगड बसवत होत्या. बसला तेव्हा त्या उठल्या, हात झटकले आणि क्लिपबोर्डवर 'बागेची शोभेची कड' असं लिहून गेल्या. भिंत राहिली. वेली मात्र नॉर्थ कॅरोलिनाच्या दमट हवेत तिसऱ्या वर्षी रोग लागून वाळल्या. काकांनी त्या जागी मेथी लावली आणि म्हणाले, "दगडांना कळत नाही वर काय आहे ते."

रिटायर झाल्यापासून काका आठवड्यातून दोनदा आमच्या देशी ग्रोसरीच्या प्लाझातल्या एका वाईनच्या दुकानात जाऊन बसायचे. नोकर नाही, गिऱ्हाईक म्हणावं तर तेही नाही. दुकानाची मालकीण पन्नाशीची एक मोकळी, मोठ्याने हसणारी अमेरिकन बाई होती. तिला काका फार आवडायचे. कुणी आलं की ती म्हणायची, या गृहस्थांना व्हर्मेंटिनो आणि पिगातो नुसत्या वासावर वेगळे सांगता येतात. माझ्या तिथल्या तिसऱ्या हिवाळ्यात तिने ठरवलं की मार्चमध्ये दुकानात 'लिगुरियाची संध्याकाळ' करायची. पाच वाईन, वीस-बावीस माणसं आणि बोलणार काका. घरी येऊन त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा काकू म्हणाल्या, "एवढ्या लोकांना उकडलेले बटाटे पुरतील का?" पण त्यांनी लगेच काकांचा निळा कोट ड्रायक्लीनिंगला दिला.

जानेवारीत काकांना कोविड झाला. चार दिवस ताप, थोडा खोकला. पाचव्या दिवशी ते उठून बसले. सगळं पूर्ववत झालं असं आम्हाला वाटलं. उलट ते जरा मवाळच झाले होते. फोडणीवरून भांडण होईना. जेवणात खोड काढणं बंद झालं. काकू मला म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माणूस मुकाट्याने जेवतोय. देवाने ऐकलं माझं."

मग फेब्रुवारीतला एक शनिवार आला. काकांनी व्हर्मेंटिनोची बाटली उघडली आणि पाच ग्लास भरले. मी माझा ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. तळघरात भिजलेला पुठ्ठा, त्यावर बुरशी. बूच खराब असलं की वाईनला असा वास येतो, हे काकांनीच मला शिकवलं होतं. अशी बाटली ते दोन फुटांवरून ओळखायचे आणि सिंकमध्ये ओतायचे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून ग्लासात नाक घातलं, सावकाश श्वास घेतला आणि म्हणाले, "लिंबाचं फूल. मग मीठ. आणि अगदी शेवटी कडू बदाम."

पाहुण्यांनी ग्लास तोंडाला लावले. एकाने कपाळाला आठी घातली, काकांकडे बघितलं, आठी मोडली आणि मान डोलावली. "बदाम, येस," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर काका गॅरेजमध्ये बाटल्या लावत होते. मी मागे गेले.

"काका, आजची बाटली खराब होती."

त्यांचे हात थांबले. "फार?"

"पुठ्ठा. तोंडाशी नेववत नव्हता ग्लास."

ते कडेच्या स्टुलावर बसले. मग खिशातून एक छोटी डबी काढली, हिंगाची, आणि उघडून नाकाला चिकटवली. "यातलं पण काही येत नाही," ते म्हणाले. "ताप उतरला त्या दिवसापासून. रोज सकाळी लवंग, लिंबाचं साल, कॉफी हुंगतो. डॉक्टर म्हणाले करत राहा, येईल कदाचित, किंवा नाही येणार. पाच आठवडे झाले."

"काकूंना सांगितलं नाही?"

"ती विचारते वरण कसं झालंय, मी छान म्हणतो. इतकी खूश आहे ती. आता काय सांगू, की मला फक्त गरम आहे एवढंच कळतं?" त्यांनी डबी बंद केली. "तुला पहिल्या दिवशी ती पाण्याची वाटी दिली होती ना. त्यात गुलाब शोधणाऱ्यांना मी हसायचो. आज मीच शोधला."

दुकानातला कार्यक्रम रद्द करा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, पत्रकं लागली, माणसं येणार, बाटल्या मागवून झाल्या. मग म्हणाले, "तू येशील का बरोबर? तू वास घे. मला हळूच मराठीत सांग. मी इंग्लिशमध्ये बोलेन."

मी हो म्हटलं नाही. आधी नागपूरला फोन केला. बाबा शाळामास्तर होते, रिटायर झालेले. जय भीम झाल्यावर मी सगळं सांगितलं: काकांचं नाक, दुकान, वाईन, आणि मी तिथे ग्लास हातात धरून उभी राहणार ते.

"पिणार आहेस का?" बाबांनी विचारलं.

"नाही. फक्त वास."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुम्हाला शब्द दिलाय म्हणून."

"शब्द पाळणारा माणूसच असं विचारतो. त्या माणसाकडे जे नाही ते तुझ्याकडे आहे. देऊन टाक. दान फक्त पैशाचंच असतं असं कुठं लिहिलंय?" आणि मग, शाळामास्तर ते शाळामास्तरच, "पण उच्चार नीट शिकून घे. चार लोकांत चुकीचं बोलू नये."

पुढचे तीन आठवडे ऑफिसातून आले की आमची गॅरेजमध्ये शिकवणी चालायची. काकूंना सांगितलं होतं की भाषणाची तयारी चाललीय. मी वास घ्यायची आणि तोंडाला येईल ते बोलायची. काका स्टुलावर बसून, वास न घेता, मला दुरुस्त करायचे.

"शाळेतली पाटी. ओली," मी म्हणायची.

"बरोबर. पुढे?"

"केळं?"

"केळं नाही. बोस्कोत केळं कधीच नसतं. पुन्हा घे."

पुन्हा घेतलं की खरंच केळं नसायचं. वाळलेलं गवत असायचं. त्यांना बाटलीतलं काहीही येत नव्हतं, पण आत काय असणार ते सगळं माहीत होतं, जसं डोळे गेलेल्या माणसाला आपल्या घरातल्या खुर्च्या माहीत असतात. कधी कधी ते मला जुनी रजिस्टरं मोठ्याने वाचायला लावायचे. स्वतःचीच टिपणं ऐकताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी वाचता वाचता वर बघायचं टाळायची.

मार्चमधल्या त्या शनिवारी दुकानातली मधली रॅक सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं बावीस. काकू पहिल्या रांगेत, नारायणपेठ नेसून. काका निळ्या कोटात, आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला, बाटल्या पुसायचा रुमाल हातात घेऊन, मदतनीस असल्यासारखी.

पहिल्या चार वाईन झकास गेल्या. मी कुजबुजायची, "लिंबाचं फूल, खडेमीठ," आणि काका गंभीरपणे इंग्लिशमध्ये 'सिट्रस ब्लॉसम' आणि 'सी सॉल्ट' म्हणायचे. पाच गावांच्या पांढऱ्या वाईनला मी म्हटलं, "पाटी, वाळकं गवत." ते म्हणाले, 'वेट स्लेट, समर हे.' रोसेसेला मी म्हटलं, "गुलकंद, आणि वर मिरपूड टाकलीय कुणीतरी." ते क्षणभर अडले, मग म्हणाले की भारतात पानात घालतात त्या गुलाबाच्या मुरंब्यासारखं, आणि अर्ध्या लोकांनी ते लिहून घेतलं. त्यांनी दगडी भिंतींबद्दल सांगितलं, असोसिएशनच्या बाईंबद्दल सांगितलं. लोक खूप हसले. मला वाटलं, निभावलं.

मग मालकीण उठली. तिच्या हातात दोन ग्लास होते. ती म्हणाली, शेवटच्या वाईनआधी एक गंमत. यातला एक पिगातो आहे, एक व्हर्मेंटिनो. कुठला कुठला ते आपले मित्र नुसत्या वासावर सांगतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी दोन्ही ग्लास घेतले. मी जवळ सरकले. त्यांनी डावा ग्लास माझ्या बाजूला जरासा कलता केला. मी श्वास घेतला आणि कुजबुजले, "डावा पिगातो."

ते तेवढंच बोलले असते तर झालं असतं. पण ते बोलले नाहीत. डाव्या ग्लासात नाक घालून उभे राहिले, इतका वेळ की खुर्च्या करकरायला लागल्या. मग त्यांनी दोन्ही ग्लास टेबलावर ठेवले.

"मला वास येत नाही," ते इंग्लिशमध्ये म्हणाले. "जानेवारीपासून कसलाच येत नाही. आत्तापर्यंत तुम्ही जे ऐकलं ते सगळं या मुलीच्या नाकाने घेतलेलं होतं. मी फक्त भाषांतर केलं. आणि ती वाईनचा थेंबही पीत नाही. तेव्हा आज या खोलीत सगळ्यात खरं बोलणारी तीच आहे. ती म्हणते, डावा पिगातो."

मी काकूंकडे बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मालकिणीने घसा साफ केला. "डावा व्हर्मेंटिनो होता," ती अगदी हळू म्हणाली.

काका हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पूर्ण हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जुळे आहेत," ते मला मराठीत म्हणाले. "घोळ व्हायचाच. मीसुद्धा तीनदा चुकलोय, कुणाला सांगितलं नाही." मग त्यांनी लोकांना तेच इंग्लिशमध्ये सांगितलं आणि सगळी खोली हसली.

शेवटची राहिली होती शाक्केत्रा. काकांनी ती स्वतः ओतली, प्रत्येकाला अंगठ्याएवढी, आणि म्हणाले, "हिच्याबद्दल मी आज काही सांगणार नाही. तुम्ही मला सांगा." त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं, पिशवीतून रजिस्टर काढलं आणि टेबलाशी बसले. मग माणसं एकेक करून पुढे आली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माझ्या वडिलांचा तंबाखूचा डबा. एक मुलगी म्हणाली, जर्दाळूचा जॅम, पण पातेल्याला लागलेला. एकाने सांगितलं, समुद्रावरून घरी येताना गाडीच्या सीटला येतो तो वास. काका प्रत्येकाला थँक यू म्हणत होते आणि मराठीत लिहीत होते.

काकू सगळ्यात शेवटी आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या कुठल्याही ग्लासाला नाक लावलं नव्हतं. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, पूजेतलं तीर्थ धरावं तसा, आणि वास घेतला.

"हा तर आपल्या शेडचा वास आहे," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन तासगावला आले तेव्हाचा. दारात उतरले आणि पहिला हाच वास आला होता. मला वाटलं, या घरात काहीतरी गोड आहे."

काकांनी पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही. नंतर रजिस्टर मिटून त्यावर हात ठेवून बसले.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर दोघं बसली होती. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला काकू म्हणाल्या, "म्हणजे दोन महिने माझं वरण छान होत नव्हतं?"

"छानच असणार ना."

"असणार म्हणजे?"

"गरम होतं."

"सांगायचं होतंत." थोड्या वेळाने, "मी वेडी, रोज विचारत बसले. तुम्ही पण रोज छान म्हणत बसलात." मी आरशात बघितलं. त्या रागावल्या होत्या आणि त्यांनी काकांचा हात धरला होता, दोन्ही एकदमच.

त्या दिवसानंतर घरात सगळं बदललं आणि तसं काहीच बदललं नाही. शनिवारची बैठक चालू राहिली, फक्त वास सांगायचं काम पाहुण्यांवर आलं. काका परीक्षकासारखे बसून ऐकायचे आणि म्हणायचे, "केळं नसतं त्यात." दुकानवालीने त्यांना काउंटरजवळ एक कायमची खुर्ची दिली. जूनमध्ये माझी बदली न्यू जर्सीला झाली आणि मी पार्सिपनीला आले. निघताना काकांनी मला सातवं रजिस्टर दिलं, कोरं. "वाईनच पाहिजे असं नाही," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये माणसं येतात, त्यांचं पण लिहिता येतं."

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेसातला, मी डबा भरत होते. काकांचा फोन आला. मागे कसलासा घरघराट होता, आणि टीं टीं असा आवाज.

"काका? कुठे आहात?"

"रस्त्यावर. ऐक, बोलू नकोस," ते धापा टाकत होते. "कलिंगडाची सालं, दोन दिवसांची. मग कुणीतरी फेकलेला मासा. तिलापिया असावा. खाली ओलं गवत कापलेलं, आंबलेलं. आणि डायपर, खूप डायपर. थांब, गाडी पुढे चाललीय."

मला कळायला जरा वेळ लागला. ते कचऱ्याच्या गाडीमागून चालत होते.

"काका, वास येतोय?"

"भयंकर येतोय," ते म्हणाले. "असली घाण मी जन्मात हुंगली नव्हती."

कुणीतरी इंग्लिशमध्ये विचारलं की सर, तुमचं काही चुकून टाकलं गेलंय का. काका त्याला म्हणाले, नो नो, प्लीज, यू कंटिन्यू. मग लांबून काकूंची हाक आली, जवळ जवळ येत गेली, आणि फोन त्यांच्या हातात गेला.

"अगं, पाच घरं पुढे गेलेत हे, पायजम्यावर," काकू म्हणाल्या. त्यांनाही धाप लागली होती. "मी हाका मारतेय तर वळून बघत नाहीत. तो ड्रायव्हर थांबलाय बिचारा. त्याने झाकण उघडून धरलंय यांच्यासाठी."